सोबत्याचं नाव

रविवारी दुपारी डिलायला आईबाबांच्या घरी पोचली तेव्हा आत आधीच जुंपली होती. बूट काढता काढता तिला जोसायसचा आवाज ऐकू आला.

"बाबा कुठेही जाणार नाहीत. विषय संपला."

"तू कोण ठरवणारा?" हा रोझॅनाचा आवाज. "डॉक्टर आहेस का?"

"मी मुलगा आहे त्यांचा. रोज इथे असतो. तू काल आलीस."

डिलायलाने कोट खुंटीला अडकवला, पण पिशवी खांद्यावरून काढली नाही. पिशवीत तो कागद होता. गेल्या पंधरा वर्षांत तिने असले शेकडो कागद भरले होते. नामेगोस लेकच्या दवाखान्यात तिचं कामच ते होतं. कोणाला दूर थंडर बे शहरातल्या इस्पितळात पाठवायचं, कुठल्या विमानाने, सोबत कोणी द्यायचं की नाही, हे सगळं कागदावर लिहून सरकारी कचेरीला पाठवायचं आणि तिकडून आलेलं उत्तर माणसाला सांगायचं. उत्तर बहुधा नाही असंच यायचं. म्हणून गावात तिला चेष्टेने 'सरकारबाई' म्हणत. सरकार कधी कोणाला दिसत नसे, डिलायला दिसायची. तेव्हा लोकांचा राग तिच्यावरच निघायचा. तिला त्याची सवय झाली होती, निदान तिला तसं वाटत होतं. आज मात्र कागदावरच्या पहिल्या ओळीत टोबायस वाबूस, वय सदुसष्ट, असं तिच्या बापाचं नाव होतं, आणि शुक्रवारपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

खालची ओळ कोरी होती. 'सोबत्याचं नाव' एवढंच तिथे छापलेलं होतं.

स्वयंपाकघरात टेबलाभोवती सगळे बसले होते. आई, जमायमा, शेगडीजवळ बॅनकच्या जाड भाकऱ्या तव्यावर उलटत होती. तिची नजर अलीकडे मंद झाली होती, त्यामुळे ती बोटांनीच चाचपून भाकरी भाजली की नाही ते पाहायची. इझिकेलमामा खुर्ची मागे झुकवून चहा पीत होता. तो गावच्या कौन्सिलवर निवडून आला होता, त्यामुळे घरातही सभेत बसल्यासारखा बसायचा. बाबा खिडकीपाशी होते. पाय सुजून बुटात मावत नव्हते, म्हणून त्यांनी जोसायसचे जुने बूट नाड्या सोडून घातले होते. ते बाहेर गोठलेल्या तळ्याकडे बघत होते आणि त्यांच्याबद्दलच चाललेल्या बोलण्यात भाग घेत नव्हते.

"ये बाई, सरकार आलं," मामा म्हणाला. "आता तूच सांग तुझ्या भावाला."

"काय सांगू? डॉक्टर फोनच्या पडद्यावर बोलले तेव्हा तो इथेच होता. किडनी आठ टक्के चालते. गुरुवारी तिथे हजर व्हायचं, मग आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. कायमचं."

"कायमचं," जोसायस म्हणाला. "ऐकलंत? कायमचं म्हणजे काय ते माहितीये ना? सॅम्युएलकाका गेले, आठवतंय? शहरातल्या रुग्णांच्या होस्टेलच्या खोलीत दोन वर्षं एकटे. परत आले ते पेटीत. विमानातून पेटी मीच उतरवली."

"आणि न जाता किती दिवस काढतील?" रोझॅनाने विचारलं. "सांग ना. तू रोज इथे असतोस ना?"

जोसायस खुर्चीत मागे टेकला. अडतीस वर्षांचा, दाराएवढा उंच माणूस, पण धाकट्या बहिणीसमोर त्याचा आवाज नेहमी आधी चढायचा आणि मग एकदम बसायचा.

मामाने कप खाली ठेवला. "हे बघा, थोडा धीर धरा. आपल्या दवाखान्यामागे डायलिसिसची खोली बांधून तयार आहे. चार खुर्च्या आल्यात. मशिनं आलीयेत, खोक्यांत आहेत. मी स्वतः मोजून घेतलीयेत."

"मामा, ती खोकी दोन वर्षं तशीच आहेत," डिलायला म्हणाली.

"कारण पाणी! मशिनला शुद्ध पाणी लागतं. आपलं पाणी उकळून प्यायचं, असा हुकूम आहे. पाणी बघणार ते एक सरकार, दवाखाना बघणार ते दुसरं. हे म्हणतं आधी तुम्ही, ते म्हणतं आधी तुम्ही. मी पत्रं लिहिलीयेत. शरद ऋतूपर्यंत—"

"कुठल्या वर्षीच्या?" आईने शेगडीपासून मान न वळवता विचारलं. बाबाही त्यावर किंचित हसले.

"हसा, हसा," मामा म्हणाला. "मी काय विहीर खणू?"

"खणच," आई म्हणाली. "ही पोरं लहान होती तेव्हापासून मी पाणी उकळतेय. उकळायचा कंटाळा आला की दुकानातून ते गोड पेय आणायचं, ते तरी सीलबंद असायचं. मग दवाखान्यातून बाई यायची आणि विचारायची, जमायमा, गोड का पितेस? साखर मोजायला माणसं पाठवतात. पाणी द्यायला कोणी आलं नाही."

तिने बॅनक टेबलावर ठेवली, मूस हरणाच्या मांसाचं पातेलं मध्ये सरकवलं आणि हात पुसले. त्यातले बटाटे तिने वेचून काढले होते, कारण बाबांना आता बटाटा चालत नव्हता. मग ती सरळ डिलायलासमोर येऊन उभी राहिली.

"काढ तो कागद. माझं नाव लिही. मी माझी बॅग कालच भरलीये."

खरंच भरली होती. सोफ्याशेजारी ती निळी बॅग उभी होती. डिलायलाने ती आत येतानाच पाहिली होती आणि नजर वळवली होती.

"आई, बस जरा."

"बसून काय होणार? चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला. सोबती म्हणजे मीच ना? की सरकारला दुसरी कोणी माहितीये?"

रोझॅना हसली. "लिही ग ताई. आई तिथे शहरात माझ्याकडे राहील. दोन खोल्या आहेत, माझी नोएमी माझ्याजवळ झोपेल. बाबांनाही होस्टेलवर कशाला ठेवायचं? दोघंही माझ्याकडे."

झालं. आता बोलायलाच हवं होतं. डिलायलाने पिशवी मांडीवर घेतली आणि कागद काढून टेबलावर सपाट केला.

"सोबती एकच मिळतो. तोही तीन महिन्यांसाठी. आणि रुग्णाचं जवळचं माणूस शहरात राहत असेल, तर सोबती मिळतच नाही. मुलगी तिथे आहे म्हटल्यावर मुलीने बघायचं, असं ते धरतात."

बाहेर कुठेतरी स्नोमोबाइल सुरू होऊन दूर गेली.

"म्हणजे मी तिथे राहते म्हणून आईला तिकीट नाही?" रोझॅनाने विचारलं.

"हो."

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"नियम तोंडपाठ आहेत मला. शुक्रवारी कागद हातात घेतला तेव्हाच."

"आणि तीन दिवस तू हे पोटात ठेवलंस?"

जोसायस पुढे झुकला. "सोप्पं आहे. लिहू नका. तिथे कोणी नाही असं लिहा. रोझॅनाचं नावच काढून टाका. कोण येतंय तपासायला?"

"आधीही काढलंच होतं की," रोझॅना म्हणाली. ती मोठ्याने बोलली नाही, पण तिचा चमचा ताटलीवर जरा जास्तच जोरात पडला. "त्यात नवीन काय?"

डिलायलाला ठाऊक होतं की बोट आपल्याकडे आहे. नऊ वर्षांपूर्वी रोझॅना बाळंतपणासाठी शहरात गेली होती. इथे बाळंतपणं करत नसत, अजूनही करत नाहीत. महिनाभर आधी पोरींना विमानात बसवून पाठवायचे. तेव्हा बाळंतपणाला सोबती द्यायची पद्धत नव्हती; डिलायलाने भरलेला रोझॅनाचा कागद नाकारून परत आला होता. रोझॅनाचा नवरा आधीच पळालेला. तीस तास कळा, शेजारी ओळखीचं एक माणूस नाही. नोएमी झाली, धडधाकट झाली, पण रोझॅना परत राहायला आली नाही. वर्षातून एकदा, बर्फाचा रस्ता चालू असला की गाडी घेऊन चार दिवस यायची आणि पाहुण्यासारखी वागायची.

"तसं नाही ग म्हणालो मी," जोसायस पुटपुटला.

"मग कसं म्हणालास?"

"अरे, या सगळ्याला कारण कोण?" जोसायस एकदम उसळला, आणि या वेळी त्याने बाबांकडे बोट केलं. "पंधरा वर्षं सांगत होते, साखर सांभाळा, साखर सांभाळा. यांनी सांभाळली? ती वही आठवतेय? रोज आकडे लिहायचे. सहा पॉइंट दोन, सहा पॉइंट पाच. डॉक्टर शाबासकी द्यायचे. आणि मग एके दिवशी पाय सुजतात आणि किडनी आठ टक्के! कसं काय? ते आकडे खोटे होते, बाबा. आपण सगळे गाढव."

टोबायसने खिडकीवरून नजर काढली नाही.

जमायमा मात्र हातातलं फडकं टाकून वळली. "खोटे होते ना. माहितीये मला."

"तुला?"

"मला चक्कर यायची, आठवतं? दुकानात पडले होते. माझी साखर एकदम खाली जायची. नर्स म्हणाली, दिवसातून चार वेळा तपास. पण मी गोळ्यांवर होते. गोळ्यावाल्याला साखर तपासायची दिवसाला एकच पट्टी, असा नियम. यांनाही एकच. यांनी त्यांची मला दिली. एक दिवस नाही, तीन वर्षं. आणि नर्सने त्यांना ओरडू नये म्हणून वहीत मनाने आकडे लिहिले." तिने पडलेलं फडकं उचललं. "मला कळलं तेव्हा मी भांडले. म्हणाले, तू पडलीस तर मी कोणाकडे बघू? माझं काय, मला काही होत नाही."

डिलायलाच्या डोळ्यांसमोर ती वही आली. दवाखान्यात ती तिनेच कितीदा उघडली होती, आणि बापाचे ते नीटनेटके आकडे बघून तिला बरं वाटलं होतं. पट्ट्यांची डबी तीच खिडकीतून द्यायची. एक डबी आईची, एक बाबांची, वर सही. कोणी जास्त मागितली की ती म्हणायची, 'नियम नाही हो.' आई एकदा विचारायला आली होती. तिलाही तेच उत्तर मिळालं होतं.

टोबायस उठले. भिंतीला धरून दारापर्यंत गेले, कोट चढवला, आणि दार लोटून बाहेर पडले.

"बाबा!" जोसायस उठू लागला.

"तू बस," डिलायला म्हणाली. "खूप बोललास."

*

ते कुठे असणार हे तिला माहीत होतं. कौन्सिलच्या गराजमागे पिवळा ग्रेडर उभा असे. एकतीस हिवाळे टोबायस वाबूसने त्या यंत्राने बर्फाचा रस्ता काढला होता. तळी गोठली की झाडीतून आणि तळ्यांवरून बर्फ दाबत, पाणी मारत, पक्का रस्ता जिथे सुरू होतो त्या गावापर्यंत. दोन महिने तो रस्ता टिकायचा. उरलेलं वर्ष विमान. गेल्या हिवाळ्यापासून ग्रेडर जोसायस चालवत होता.

बाबा वर बसले होते, यंत्र बंद ठेवून. दोन पायऱ्या चढायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे, अजून धाप लागली होती. डिलायला दुसऱ्या बाजूने चढून त्यांच्याशेजारी दाटीवाटीने बसली. काचेवर त्यांच्या श्वासांची वाफ धरली.

"थंडी आहे," ती म्हणाली.

"उणे अठरा. ही काय थंडी?"

डिलायलाने बाहीने काच पुसली.

"पट्ट्यांचं मला सांगायचं होतं, बाबा. मी कुठून तरी—"

"कुठून? दुसऱ्या कोणाच्या डबीतून? तू तसली नाहीस. तुला सांगून तुझी झोप घालवायची, एवढंच झालं असतं."

तिला रडू येत होतं. तिने हातमोज्याने नाक पुसलं. "आता कागदाचं सांगा. काय लिहू? जोसायस म्हणतो तसं केलं तर आईला तिकीट मिळेल. मी कधी खोटं लिहिलेलं नाही, पण तुमच्यासाठी लिहीन. उद्या नऊच्या आत पाठवायचाय."

"तिथे माझं कोणी नाही, असं लिहिणार?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "रोझॅनाला मीच विमानापर्यंत सोडलं होतं. हे एवढं पोट घेऊन. शिडीपाशी म्हणाली, बाबा, तुम्ही चला ना. मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो, कागदावर माझं नाव नाही." ते थांबले, श्वास घेतला. "तिकीट नव्हतं हे खरं. पण फेब्रुवारी होता, डिलायला. रस्ता चालू होता. हे यंत्र माझ्या हातात होतं, गाडी दारात होती. दोन दिवसांत पोचलो असतो. माझ्या डोक्यातच आलं नाही. कागद नाही म्हणाला, आणि मी घरी येऊन जेवलो."

डिलायलाने त्यांच्या कोटाचं उघडं राहिलेलं बटण लावलं.

"एकदा तिच्या कागदावर कोणाचं नाव नव्हतं. आता माझ्या कागदावरून तिचं काढू? नाही. मुलगी आहे, तिथे राहते, असं लिही. खरं तेच लिही."

"मग आईला इथेच राहावं लागेल. तिच्याशिवाय तुम्ही तिथे पंधरा दिवस काढणार नाही. मला माहितीये ना."

"रोझॅना कशाने आली?"

"गाडीने. रस्त्याने."

"मग? रस्ता अजून दहा दिवस टिकेल. तुझी आई माझ्याशेजारी गाडीत बसेल. त्याला कोणाची सही लागते?"

*

नर्सला विचारलं तर ती कपाळाला हात लावून बसली. तीन आठवड्यांसाठी आलेली पोरगी, हा तिचा दुसराच आठवडा. "लेखी मी हो म्हणू शकत नाही," ती म्हणाली. "वीस तास गाडीत बसून? पण पक्का रस्ता लागतो तिथल्या दवाखान्यात मुक्काम केलात, आणि मंगळवारी पहाटे निघालात तर... मी त्यांना फोन करून ठेवते. मी काही ऐकलेलं नाही हं."

घरी बाबांनी सगळ्यांना सांगितलं तेव्हा मामाने झुकवलेली खुर्ची सरळ केली. आईने फक्त विचारलं, "परत कशी येणार मी? रस्ता वितळल्यावर?"

"येशील तेव्हा बघू," बाबा म्हणाले. "येशील की नाही तेही बघू."

तिने थोडा विचार केला. मग निळी बॅग उघडून उन्हाळ्याचे कपडेही आत घालू लागली.

जोसायस दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. इतका वेळ तो बाबांनी जाऊ नये म्हणून भांडत होता, आता भांडायला काही उरलं नव्हतं. "दोघंही?" तो म्हणाला. "दोघंही जाणार?"

"तुझ्या पोरांना सांभाळायला तुझी बायको आहे, शाळा आहे—" आई म्हणू लागली.

"पोरांचं नाही म्हणत मी!" तो ओरडला, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. "मी सकाळी कोणाकडे चहाला येऊ? हे घर बंद करणार का?"

आई बॅगेपासून उठली, त्याच्यापाशी गेली आणि हात वर करून त्याच्या कानाची पाळी ओढली, लहानपणी ओढायची तशी. "चहाची भांडी कुठे असतात माहितीये ना? मग ये आणि कर. तुझ्या मामालाही दे. त्याला फुकटचा लागतो."

*

सोमवारी दुपारी डिलायला आणि रोझॅना आईच्या औषधांचे डबे लावत बसल्या होत्या. सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या गोळ्या वेगवेगळ्या. बाबांच्या वेगळ्या. डिलायलाने तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा आकडा चुकला.

"मला तुला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"सांग."

"तुझा कागद परत आला होता ना, सोबती नाकारल्याचा. त्या पत्राच्या खाली एक ओळ होती. तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. मी ते तुला सांगितलं नाही."

रोझॅनाचे हात थांबले.

"त्या हिवाळ्यात मी आणखी तिघींसाठी तसले अर्ज केले होते. तिन्ही परत आले. मी कंटाळले होते, रोझॅना. वाटलं, चौथाही परत येणार, कशाला तुला आशा लावायची? खरं तर मलाच पुन्हा ते पत्र वाचायचं नव्हतं. म्हणून मी केलाच नाही."

"केला असता तर मिळालं असतं?"

"माहीत नाही. बहुतेक नाही. पण माहीत नाही."

रोझॅनाने डबा स्वतःकडे ओढला. "होस्टेलच्या खिडकीतून पार्किंग दिसायचं," ती म्हणाली. "चार आठवडे मी तिथे बसून गाड्या मोजायचे. वाटायचं, कोणीतरी येईल. अचानक. तिकीट नसलं तरी." तिने एक गोळी उचलून दुसऱ्या खणात टाकली. "आत्ता का सांगितलंस?"

"बाबांनी त्यांचं सांगितलं. मग माझं ठेवून काय करू?"

"मी माफ केलं असं म्हणावं, असं वाटतंय का तुला?"

"नाही."

"बरं. कारण मी म्हणणार नाहीये. निदान या वर्षी नाही." तिने डबा पुढे सरकवला. "हा मंगळवार तू चुकवलायस. नीट लाव. आई आंधळेपणाने खाईल त्या."

डिलायलाने मंगळवार पुन्हा लावला. थोड्या वेळाने रोझॅना म्हणाली, "जूनमध्ये नोएमीची सुट्टी लागते. तू ये चार दिवस. मला रात्रपाळी असते, डायलिसिसला न्यायला कोणीतरी लागेल." आणि मग घाईने, "तुझ्यासाठी म्हणत नाहीये. बाबांसाठी."

"येते," डिलायला म्हणाली.

*

मंगळवारी झुंजुमुंजू होताच रोझॅनाची गाडी दारात उभी होती. अर्धं गाव आलं होतं. कोणी गोठवलेले मासे दिले, कोणी विणलेले मोजे. मामाने टोबायसचा हात धरून सांगितलं की खोलीचं काम मार्गी लागतंय, पुढच्या महिन्यात राजधानीत बैठक आहे, आणि या वेळी तो नजर चुकवून बोलला. टोबायस म्हणाले, "पहिली खुर्ची खिडकीजवळची ठेव. माझ्यासाठी." मामा हसला नाही. "ठेवतो," म्हणाला.

जोसायस ग्रेडर घेऊन पुढे निघणार होता, पहिल्या तीन तळ्यांपर्यंत रस्ता साफ करत. रात्रभर वारा होता, बर्फ साचलं असेल, असं तो म्हणाला. फारसं साचलं नव्हतं हे सगळ्यांनाच दिसत होतं. बाबांनी त्याला जवळ बोलावलं आणि तिसऱ्या तळ्याच्या वळणावर बर्फ कुठे पातळ असतं, ते हाताने दाखवत समजावलं. हे त्याला गेल्या हिवाळ्यापासून ठाऊक होतं. तरीही त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये दोनदा प्रश्नही विचारला.

आई मागच्या सीटवर उशा लावून बसली. बाबा पुढे. काच खाली करून त्यांनी डिलायलाला विचारलं, "पाठवलास कागद?"

"काल पाठवला. खरं तेच लिहिलंय."

"मग आता काय करणार?"

"भांडणार," ती म्हणाली. "आईसाठी. पट्ट्यांसाठीही."

त्यांनी मान डोलावली. गाडी हलली. ग्रेडरमागोमाग ती तळ्यावर उतरली आणि पांढऱ्या पट्ट्यावर लहान होत गेली. लोक पांगेपर्यंत डिलायला तिथेच उभी होती. मग ती दवाखान्यात गेली, दिवे लावले, कोट न काढताच खुर्चीत बसली आणि कचेरीचा नंबर फिरवला.

पलीकडे एक तरुण, थकलेला आवाज होता. फाइल क्रमांक, नाव, जन्मतारीख. मग टायपिंगचा आवाज. "वाबूस, टोबायस. सोबती नामंजूर झालाय. शहरात मुलगी आहे असं तुम्हीच लिहिलंय."

"हो. माझी बहीण. रात्रपाळी करते, नऊ वर्षांची मुलगी एकटी वाढवते. आमची आई वडिलांबरोबर गेलीय. फेरविचाराचा अर्ज करायचाय. आणि साखर तपासायच्या पट्ट्यांबद्दल दुसरा. आणि माझ्याकडे गेल्या दोन महिन्यांत नाकारलेले आणखी अकरा कागद आहेत, त्यांचेही करायचेत. एकेक करून सांगते."

"मॅडम, फेरविचार माझ्याकडे नसतो. दुसऱ्या विभागाला जोडावं लागेल. तिथे बरीच रांग आहे. नंतर फोन करता का?"

दार उघडलं. बाहेरच्या बाकावर सकाळचे पहिले तिघे येऊन बसले होते. त्यातल्या म्हाताऱ्या एस्तरबाईने आत डोकावून विचारलं, "काय ग सरकारबाई, उशीर आहे का?"

डिलायलाने तिला खुणेनेच आत येऊन शेगडीजवळ बसायला सांगितलं.

"नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "जोडा. मी थांबते."